भिंतीवर उलटा बाजार

बेबीनंदाबाईनं बद्रीनाथ पाटलाला उलटं केलं, हे आमच्याकडं अजून सांगतात. सांगणाऱ्यातले निम्मे त्या साली जन्मलेलेसुद्धा नव्हते. कुणी म्हणतं निंबाला टांगलं, कुणी म्हणतं आडात लटकवलं. एकजण तर सांगत होता की बाईनं नुसतं बोट फिरवलं अन् पाटलाचं धोतर तोंडावर आलं. असलं काही झालेलं नाही. जे झालं ते ह्याहून भारी होतं, म्हणून ते झालं तसं सांगतो.

सन चौऱ्याहत्तर. टेंभुर्णीपासून दोन कोस आत आमचं गाव, आणि गावात संस्थेची शाळा. दगडाच्या चार खोल्या, वर पत्रे, पुढं बाजाराचं मैदान. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली ती तेव्हाच. पुस्तकं नवी, विज्ञान सगळ्यांना सक्तीचं, आणि ते शिकवायला माणूस नाही. तोवर हिंदीचे सर पुस्तक वाचून दाखवायचे. ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे पोरं आरतीसारखं मान डोलवत म्हणायची. सरळ म्हणजे कुठून निघून कुठं जातो, हे ना सरांनी विचारलं ना पोरांनी.

जून महिन्यात बेबीनंदा संपत हिवाळे आल्या. फाट्यावर एसटीतून उतरल्या, लोखंडी पेटी स्वतःच डोक्यावर घेतली आणि चालत गावात आल्या. जाफराबादच्या बौद्धवाड्यातली पोरगी. बाप संपत रस्त्याच्या गँगवर खडी फोडायचा. ती औरंगाबादला राहून बी.एस्सी. झाली, वर बी.एड. केलं. वय तेवीस, अंगानं काडी, आवाज मात्र असा की मागच्या बाकावरच्याची झोप उडावी.

संस्थेचे अध्यक्ष बद्रीनाथ पाटील. साठ एकर जमीन, मोठं पागोटं, काळी छत्री, आणि गावात आपल्याला विचारल्याशिवाय पान हलू नये अशी समजूत. त्यांनी वाड्याच्या ढाळजेत, दाराआतल्या ओसरीवर बसून बाईला सांगितलं, “एक वर्षाच्या बोलीवर घेऊन राह्यलो. जानेवारीत कमिटी बसंल. काम बराबर वाटलं तर कायम करू. न्हाई तर तुमचा तुम्हाला रस्ता मोकळा.”

बाई म्हणाल्या, “चालतंय. पण बराबर हाय का न्हाई ते वर्गात येऊन बघा, पाटील. ढाळजंत बसून कळायचं न्हाई.”

असं पाटलाला बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. पाटील दात कोरत राहिले. आतून गिरिजाबाई, म्हणजे त्यांची बायको, दाराशी येऊन बाईला नीट बघून गेली.

बाईनं बापाला सांगून ठेवलं होतं, “कायमचा कागद हातात आला, की मंगच घरी येते.” दिवाळीला सगळे मास्तर आपापल्या गावी गेले, ही गेली नाही. बौद्धवाड्यात चांगुणाबाई नावाच्या म्हातारीकडं एक खोली घेऊन राहिली. शाळेतल्या माठाचा तांब्या पहिल्याच दिवशी तिनं उचलून घटाघटा पाणी प्यायलं, तेव्हा हेडसर खिडकीतून बाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही ती तशीच प्यायली. तिसऱ्या दिवशी कुणी बघितलंसुद्धा नाही.

शिकवायची ती आपल्याच बोलीत. हेडसर एकदा म्हणाले, “बाई, जरा शुद्ध बोलत जा. पोरं परीक्षेत छिद्राऐवजी भोक लिहून येतील.”

“सर, आधी भोक समजू द्या. छिद्र मागून लिहितील.”

आणि समजायचं, हे खरं. शाळेचा शिपाई रखमाजी हा जुना पैलवान. कान मुडपलेले, पोट सुटलेलं, पण अंगात अजून रग. घंटा देऊन झाली की तो बाईच्या वर्गाच्या दारात उकिडवा बसायचा. एक दिवस बाई सांगत होत्या, की उजेड आणि रेडिओवर येतं ते दोन्ही एकाच घरातलं. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरी, सख्ख्या बहिणी. धावतात दोघी सारख्याच, फक्त एक लांब ढांगा टाकते, एक बारीक पावलं.

रखमाजी दारातून म्हणाला, “बाई, मंग परभणीच्या बातम्या मला दिसत काऊन न्हाईत?”

“रखमाजीभाऊ, रेडिओच्या लहरीची एक ढांग म्हणजे हितून मारुतीच्या पारापर्यंत. तुमच्या डोळ्याला तसली पकडता येत न्हाई. डोळा पकडतो फक्त बारीक पावलांची, तीबी थोडीशीच.”

“अन् कान?”

“कान तर कंचीच पकडत न्हाई. रेडिओचा डबा पकडतो अन् त्याचा आवाज करून देतो.”

“म्हणजे डबा माझ्यापेक्षा शाना.”

“एवढ्या एका बाबतीत,” बाई म्हणाल्या, आणि वर्ग खदाखदा हसला. पण त्या दिवशी एकवीसच्या एकवीस पोरांना लहरीची ढांग म्हणजे काय ते कळलं. त्यात पाटलाची उषाही होती. दहावीत तीन पोरी, त्यातली ही सगळ्यात चलाख.

आता मुख्य गोष्ट. उजेड सरळ जातो, हे बाईला तोंडानं सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. पुस्तकात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक नावाचं एक खोकं काढलेलं होतं. बाई म्हणाल्या, एवढंसं खोकं कशाला, आपण खोकंच एवढं मोठं करू की सगळा वर्ग त्यात बसंल. शाळेच्या कोपऱ्यात संस्थेच्या खताची खोली होती. दार उत्तरेला, थेट बाजाराच्या मैदानावर. पोरांनी पोती एका कडेला रचली. पोरींनी शेण-माती कालवून खिडकी, पत्र्याची फट, दाराचा उंबरा, जिथून म्हणून उजेड येईल ते सगळं लिंपून टाकलं. समोरच्या भिंतीला चुना दिला. दाराच्या फळीत गाठ निसटून पडलेलं करंगळीएवढं भोक होतं, तेवढं ठेवलं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी बाराच्या उन्हात, बाईनं वर्ग आत घेतला आणि दार लावलं.

आधी काहीच दिसेना. खताचा वास, एकमेकांचे कोपर. “बाई, हे काय?” “गप बसा. डोळ्याला येळ द्या.” मग हळूहळू भिंतीवर काहीतरी हलायला लागलं. बघता बघता अख्खा बाजार भिंतीवर उतरला, रंगासकट, आणि सगळाच्या सगळा उलटा. खाली आभाळ, वर माती. बैल पाय वर करून रवंथ करत होते. कांद्याचा ढीग वरून लोंबत होता. मिरचीवालीनं तराजू उचलला की तो खाली यायचा. लाल मिरची, निळं लुगडं, सगळं ओळखू येत होतं. एवढ्यात भिंतीच्या एका बाजूनं पागोटं खाली अन् वहाणा वर असे बद्रीनाथ पाटील चालत आले. छत्री पागोट्याच्याही खाली उघडलेली. निंबाजवळ थांबले, नाक शिंकरलं, बोटं निंबाच्या बुडख्याला पुसली आणि पुढं गेले.

खोलीत जो हशा उठला तो मिरचीवालीपर्यंत गेला. उषासुद्धा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. बाईनं हसू दिलं, आणि मग विचारलं, “हसून झालं? आता सांगा, उलटा काऊन?” त्या दिवशी पोरांनी आपलं आपण उत्तर काढलं. वरून निघालेला उजेड भोकातून सरळ गेला तर खालीच पोचणार. खालचा वर. वाकता येत नाही त्याला, तो करील काय?

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की शाळेच्या भिंतीवर पाटील उलटे चालले. पाटलानं ऐकून मिशीतल्या मिशीत हसल्यासारखं केलं. बौद्धवाड्यात ह्या बातमीचं कुणी फार वाईट वाटून घेतलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

आणि शुक्रवारी सकाळी पाटील मळ्यात पडले.

नुसते पडले असते तर काही नव्हतं. पाटाच्या काठानं चालताना पाय सटकला, पाटाच्या पल्याड बांधावरून खालच्या वाफ्यात डोक्यावर गेले, आणि क्षणभर त्यांचे दोन्ही पाय वर आभाळात राहिले. गड्यानं ते बघितलं. कंबर लचकली, पागोटं चिखलात. गड्यानं त्यांना उचलायच्या आधी बोंब मारली, “काल भिंतीवर दिसले तस्सेच पडले हो!”

आता हे ऐकल्यावर आमच्या गावानं काय समजायचं? आमच्या भागात भानामती म्हटलं की शिकलेला माणूसही आवाज बारीक करतो. कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कुणाची बायको कुत्र्यासारखी भुंकते, कुणाचं धुणं वाळता वाळता पेटतं, असल्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. आम्हीही त्यातलेच. पाटलाच्या घरच्यांनी मच्छिंद्र भगताला बोलावलं. त्यानं ताटलीत तांदूळ फिरवले, लिंबू कापलं आणि निदान केलं, “चित्र बांधलंय. ते भोक हाय तंवर पाटील उलटेच पडत राहतील. ज्यानं बांधलं त्यानंच कबूल होऊन सोडावं, न्हाई तर त्यानं गाव सोडावं.”

शनिवारी उषा शाळेत आली नाही. सोमवारी बाकीच्या दोन पोरी आल्या नाहीत. मंगळवारी वर्गात नऊ पोरं. बाईनं हजेरी घेतली, गैरहजरांची नावंही मोठ्यानं वाचली आणि नऊ पोरांना शिकवलं.

हेडसरांनी तिला बाजूला घेतलं. “बाई, शुक्रवारी कमिटी बसून राह्यली. तुमचा कागद तयार आहे, पण कायमचा नाही, घरी जायचा. एक काम करा. भोक बुजवा, मारुतीला नारळ फोडा, पाटलाच्या पाया पडा. चूक झाली म्हणा. विषय संपतो.”

“काय चूक झाली म्हणू, सर?”

हेडसर घड्याळ बघत ऑफिसात निघून गेले.

रात्री भाकरी थापता थापता चांगुणाबाईनंही तेच काढलं. “नंदे, माग माफी अन् मोकळी हो.”

“कशाची, माय?”

“असल्याची, नसल्याची. आपुन किती येळा मागितली, त्यात एक आनिक.”

“म्हणूनच न्हाई,” बाई म्हणाली. चांगुणाबाईनं भाकरी उलथली.

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई एकटी पाटलाच्या घरी गेली. पाटील बाजेवर पालथे पडलेले, गडी गरम विटेनं कंबर शेकत होता. मच्छिंद्र भगत खांबाला टेकून चहा पीत बसला होता. बाईला बघून त्यानं बशी खाली ठेवली.

“आली बघा,” तो म्हणाला. “कबूल व्हायला आली.”

“मी पाटलाकडं आले,” बाई म्हणाल्या. “पाटील, कंबर कशी हाय?”

“कशी असनार?” पाटील उशीतून बोलले. “तुम्ही उलटं केलं, आता तुम्हीच विचारून राह्यल्या.”

“मी न्हाई केलं. उजेडानं केलं. त्या दिवशी त्यानं सगळ्यालाच उलटं केलं. मिरचीवाली उलटी व्हती, बैल उलटे व्हते. त्यातलं कोण पडलं?”

पाटलानं मान वळवून भगताकडं बघितलं. भगत म्हणाला, “त्यांची नावं घेऊन बांधलं नव्हतं.”

“मी नावं घ्यायला वर्गात हजेरी घेते,” बाई म्हणाल्या. “पाटील, जून महिन्यात मी म्हणाले होते, काम बराबर हाय का न्हाई ते वर्गात येऊन बघा. तुम्ही आला न्हाई. उद्या बाजार हाय. भोकाच्या पुढं उभं राहू नका, आत येऊन बसा. बघा, अन् मंग शुक्रवारी खुशाल काढा मला.”

“पाटलानं तिकडं बिलकुल जायचं न्हाई,” भगत म्हणाला.

तेवढ्यात गिरिजाबाई आतून बाहेर आली. हातात पिठाची परात. “तुम्ही न्हाई गेला तर मी जाते,” ती नवऱ्याला म्हणाली. “सगळं गाव माझ्या नवऱ्याला उलटं बघून आलं, मीच तेवढी ऱ्हायले.”

“गिरिजे, गप.”

“गप कशाची? पोरगी पाच दिवस घरात रडून राह्यली. म्हणते, आई, समजलेलं परत न समजल्यासारखं कसं करू?”

पाटलानं तोंड उशीत घातलं. उशीतूनच आवाज आला, “बाज न्यावी लागंल. मला चालवत न्हाई.”

गुरुवारी भर बाजारातून बाजेवर बसून पाटील शाळेत आले. चार गडी खांदा देणारे, पुढं गिरिजाबाई, मागं उषा, त्यामागं भगत आणि त्याच्यामागं निम्मा बाजार. लोकांना वाटलं बाई आज एकतर भुंकणार किंवा पळणार. बाईनं रखमाजीला सुतळीचा गुंडा दिला आणि पाटलाला विचारलं, “आत कोण कोण बसणार?”

पाटील, गिरिजाबाई, भगत आणि हेडसर आत बसले. बाई आत गेली नाही. तिनं उषाला बोलावलं.

“उषा, तू आत जा अन् तूच सांग.”

“मी?” उषा म्हणाली. “बाई, तुम्ही?”

“मी बाहेर उभी राहते. कुणीतरी उलटं व्हायला पायजेल न्हाई का? का भगतबुवा येतात भोकापुढं?”

दारातून भगत पटकन म्हणाला, “मला आतच बरं हाय.”

बाजारात हशा पिकला. गावाचं वारं तिथं पहिल्यांदा थोडं फिरलं, असं मला वाटतं. सगळ्या गावाला ज्याच्यापुढं जायची भीती, त्या भोकासमोर बाई स्वतः गेली. शाळेच्या सावलीच्या पल्याड, भर उन्हात, पदर खोचून उभी राहिली.

आत काय झालं ते नंतर गिरिजाबाईनंच शंभरदा सांगितलं. दार लागलं. अंधार. पाटील म्हणाले, “कुठं काय?” उषा म्हणाली, “बाबा, डोळ्याला येळ द्या.” मग भिंतीवर बाजार उतरला. बैल, कांदे, निंब. आणि मधोमध डोकं खाली, पाय वर अशी बेबीनंदाबाई.

“आत्ता गं माय,” गिरिजाबाई म्हणाली. “ही तर स्वतःच उलटी झाली.”

रखमाजीनं बाहेरून भोकात सुतळीचं एक टोक आत सारलं. दुसरं नेऊन बाईच्या डोक्यावर धरलं. आतलं टोक उषानं बापाच्या हातात दिलं. “बाबा, ताणून धरा. भोकाच्या कडंला वाकू देऊ नका. सरळ ऱ्हायली पायजेल. आता भिंतीला कुठं लागती ते बघा.”

पाटलानं कंबर सावरत सुतळी ताणली. ती खाली, भिंतीच्या पायथ्याकडं गेली. पाटलाचं बोट जिथं टेकलं तिथंच भिंतीवर बाईचं डोकं होतं.

“आता पायाची.” रखमाजीनं सुतळी बाईच्या चपलेशी धरली. आतलं टोक वर गेलं, वर, आणि पाटलाचं बोट बाईच्या चपलेवर टेकलं.

“हे एवढंच हाय बाबा,” उषा म्हणाली. “उजेड सुतळीसारखा येतो. ताठ. डोक्याचा खाली जातो, पायाचा वर. मधी भोक हाय म्हणून दोघांची वाट तिथं कापते. ह्यात बाईचा काही हात न्हाई. बाई घरी गेली तरी बाजार असाच दिसंल.”

पाटलानं सुतळी सैल केली, परत ताणली. परत डोकं. परत चप्पल. साठ एकर जमिनीचे बांध त्यांनी दोरी टाकूनच मोजले होते. ताणलेली दोरी खोटं बोलत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

भगत अंधारातून म्हणाला, “पण सरळ करून दाखवा म्हणा. उलटं केलेलं सरळ होतं का बघा.”

उषानं भोकाशी तोंड नेऊन हाक मारली, “बाई, भगतबुवा म्हणतात सरळ करून दाखवा!”

बाहेरून बाईचा आवाज आला, “रखमाजीभाऊ, शीर्षासन येतं का अजून?”

“येतं म्हणजे? तालमीत दीड दीड तास केलंय.”

“मंग करा.”

रखमाजीनं टोपी काढली, धोतराचा कासोटा आवळला, जमिनीवर डोकं टेकवलं आणि पाय वर घेतले. पोट जरा गळ्याकडं आलं, पण उभा राहिला खांबासारखा. आणि आत भिंतीवर, उलट्या बैलांच्या, उलट्या निंबाच्या, उलट्या बाईच्या मधे एकटा रखमाजी सरळ उभा दिसला. डोकं वर, पाय खाली, तांबडंलाल तोंड.

पाटलाला आधी कळलंच नाही. कळलं तसे ते हसले. कंबर धरून हसले. “अरं, ह्या रखमाजीला जिंदगीत पयल्यांदा सरळ बघितलं!” ते म्हणाले, आणि मग त्यांना हसू आवरेना. गिरिजाबाई हसली, हेडसर हसले. भगत तेवढा हसला नाही. तो भोकाकडं बघत बसला होता. त्यानं उषाला हळूच विचारलं, “भोक मोठं केलं तर काय होतं?”

“धूसर होतं,” उषा म्हणाली. “बाई दाखवतील तुम्हाला.”

दार उघडल्यावर पाटील बाजेवरून म्हणाले, “मंग मी पडलो कसा?”

उत्तर गिरिजाबाईनं दिलं, सगळ्या बाजारासमोर. “पाटाला शेवाळ धरलंय म्हणून! पंधरा दिवस सांगून राह्यले, पाट खरडून घ्या, पाट खरडून घ्या. माझं ऐकायचं न्हाई, भगताचं जल्दी ऐकायचं.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोलीपुढं रांग होती. मिरचीवालीनं बाजार उलटा बघितला आणि आपलीच मिरची बघून म्हणाली, “दिसते तर ताजी.” नवरे बाहेर उभे राहिले आणि बायका आत जाऊन त्यांना उलटं बघून आल्या, समाधानानं. रखमाजीनं सहा वेळा शीर्षासन केलं. सातव्याला त्याच्या डोळ्यापुढं तारे आले तेव्हा बाईनं थांबवलं.

शुक्रवारी कमिटी बसली. वर्गात एकवीसपैकी वीस पोरं आली होती. एकविसाव्याला खरोखरचा ताप होता. बाईला आत बोलावलं. पाटील उशीला टेकून बसले होते, बाजूला कमिटीचे चार जण, हेडसर ठराव वाचायला उभे.

“पाटील, जून महिन्यात बोलला होता,” बाई म्हणाल्या.

“ध्यानात हाय. वाचा हो.”

हेडसर वाचू लागले. श्रीमती बेबीनंदा संपत हिवाळे यांचे काम समाधानकारक असल्याने त्यांना विज्ञान शिक्षिका म्हणून कायम करण्यात येत आहे, तसेच यापुढे त्यांनी शाळेच्या आवारात जादूचे प्रयोग अध्यक्षांच्या परवानगीने करावेत.

बाईनं हात पुढं केला नाही.

“सर, तो एक शब्द काढा.”

“कोणता?”

“जादू.”

एक मेंबर म्हणाला, “बाई, कागद कायमचा भेटून राह्यला, घ्या की गपचिप. एका शब्दानं काय होतं?”

“त्या शब्दानंच आठवडाभर वर्ग रिकामा झाला,” बाई म्हणाल्या. “तो ह्या कागदात ऱ्हायला, तर उद्या कुणाचं ढोर मेलं तरी हाच कागद काढतील. म्हणतील, संस्थेनंच लिहून दिलंय. तो शब्द असलेला कागद मला नको. मी आज संध्याकाळच्या गाडीनं जाते.”

चांगुणाबाईच्या घरी बाईची पेटी खरंच बांधून ठेवलेली होती, हे नंतर कळलं. तेवीस वर्षाची पोरगी, मागं कुणी नाही, बाप खडी फोडतो, आणि हातात येत असलेला कायमचा कागद ती एका शब्दासाठी सोडायला निघाली होती. आमच्या गावानं त्याआधी असं माणूस बघितलं नव्हतं. मी तर अशी माणसं अजूनही फार बघितलेली नाहीत.

पाटलानं हेडसरांच्या हातातून कागद ओढून घेतला. दौत जवळ सरकवली. ‘जादूचे’ ह्या शब्दावर एक आडवी रेघ मारली, जोरात, मग आणखी एक. थोडा विचार करून ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ ह्यावरही मारली. वर काय लिहायचं म्हणून बाईकडं बघितलं.

“विज्ञानाचे,” बाई म्हणाल्या.

पाटलानं मोठ्या, वाकड्या अक्षरात ते लिहिलं, बाजूला आपली सही केली आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

“आता वाचा,” ते म्हणाले.

बाईनं पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. घाई केली नाही. मग टाक घेतला आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. सही अशी दाबून केली की खालच्या कोऱ्या कागदावरही ती उमटली.